फोटोतला शिपाई कोणता? बसऱ्याला गेलेला थोरला की परत आलेला मधला?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. माझं माहेर खटाव तालुक्यात, वडूजच्या अलीकडे. आमच्या माजघराच्या भिंतीवर एक फोटो मला कळतंय तेव्हापासून आहे. घरात त्याला सगळे 'पलटणीतला आजा' म्हणतात. भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी तो खाली उतरवून पुसतात, हार घालतात, पुढं पान ठेवतात. पण हा आजा नेमका कोण, हे आज घरात कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

माझे पणजोबा धरून तिघे भाऊ. थोरले राणू, मधले केरू, आणि धाकटे आमचे पणजोबा. थोरले दोघं पलटणीत भरती झाले, धाकट्यानं घर आणि रान सांभाळलं. राणू 'बसऱ्याला गेला तो आलाच नाही', एवढंच वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलंय. केरू परत आले, पण पुढं काही वर्षांतच तापानं गेले. दोघांनाही मूलबाळ नाही, त्यामुळं त्यांची आठवण सांगणारं घर उरलं नाही.

माझी आत्या नव्वदी ओलांडलेली आहे, अजून खडखडीत. ती म्हणते हा राणूच, कारण तिची आजी या फोटोकडं बघून डोळ्याला पदर लावायची. माझे वडील होते तोवर म्हणायचे की हा केरू, राणूचा फोटो काढायला त्या वेळी घरात पैसा कुठला? दोघंही आपापल्या जागी ठाम.

विचारायचं कारण असं. आमच्या गावात चावडीच्या भिंतीत जुनी संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईत इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढंच तिच्यावर. आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. आता तरुण पोरांनी मनावर घेतलंय की शोधून शोधून नावं गोळा करायची, आणि ज्यांचे फोटो असतील ते फोटोसकट लावायचे. अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळा देश घेतो, तिथले पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले. पण आमच्यासारख्या लहान गावांतूनही माणसं गेलीच की. राणूच्या नावाखाली केरूचा चेहरा किंवा केरूच्या नावाखाली राणूचा, असं काही कोरलं जायला नको. एकदा दगडावर चढलं की पुढच्या पिढ्या तेच खरं धरतील.

फोटोचं वर्णन: जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मागं रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि जिना. माणूस उभा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. फेटा, शेमला खांद्यामागं सोडलेला. खाकीसारखा अंगरखा, पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या. दंडावर व्हीसारख्या दोन फिती. छातीवर एकच पदक, टोकदार. खांद्यावर पितळी अक्षरं किंवा आकडे असावेत, पण नेमकी तिथंच घडी पडलीय. मिशी भरघोस, वय पंचविशी-तिशीचं.

कागदपत्र एकही नाही. चांदीचं एक गोल पदक होतं म्हणे, ते मोठ्या आत्याच्या लग्नात सोनाराकडं मोडलं. कुठून सुरुवात करू?

जुना कॅमेरा (कराड)

ताई, आधी फोटोची बाजू सांगतो. आमचा तीन पिढ्यांचा स्टुडिओ आहे, त्यामुळं असे पुठ्ठे पुष्कळ हातातून गेलेत.

काचेवरून मोबाइलनं फोटो काढू नका. फ्रेम मागून हळूच उघडा, पुठ्ठा चिकटला असेल तर ओढू नका, तसाच राहू द्या. सपाट स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करा, रंगीतच, काळा-पांढरा नको. त्या पिवळटपणात सुद्धा तपशील लपलेला असतो. घडी पडलेल्या जागेचा वेगळा फोटो काढा: खोलीत अंधार करायचा आणि टॉर्च अगदी आडवी, फोटोच्या पातळीला धरायची. घडीच्या दोन्ही बाजूंना उठाव दिसतो.

पुठ्ठ्याची मागची बाजू नक्की बघा. स्टुडिओचा छाप, पेन्सिलीचा नंबर, काहीही.

आणि एक जपा. त्या काळच्या काचेच्या प्लेटा लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल, केशरी काळपट यायचे, निळा उलट फिकट पांढुरका. म्हणून फेट्याचा रंग किंवा पदकाच्या फितीचा रंग फोटोवरून ठरवायला जाऊ नका. मोबाइलवर 'रंगीत करून देतो' म्हणणारी ॲप आहेत, ती तर अजिबात नको. ती रंग ओळखत नाहीत, मनानं भरतात, आणि मग घरात तेच खरं होऊन बसतं.

प्लेट उलटी छापली गेली असेल तर डावं-उजवं बदलतं. पदक कोणत्या बाजूला आहे?

निवृत्त सुभेदार (बेळगाव, मूळ गाव कोरेगाव तालुका)

ताई, पदक त्या माणसाच्या डाव्या छातीवर असेल तर फोटो सरळ आहे. दंडावर दोन फिती म्हणजे नाईक. तीन असत्या तर हवालदार. मनगटाच्या वर, कोपराखाली काही फिती दिसल्या तर त्या हुद्द्याच्या धरू नका. त्या चांगल्या वर्तणुकीच्या किंवा परदेशातल्या नोकरीच्या असतात. पुष्कळ घरांत त्या मोजून आजोबांना बढती दिलेली मी पाहिलीय.

आता पदक. टोकं मोजा. दुसऱ्या महायुद्धाच्या सगळ्या चांदण्या, म्हणजे चांदणीच्या आकाराची पदकं, सहा टोकांच्या. पहिल्या महायुद्धाची चार टोकांची, वरच्या टोकावर मुकुट, मधून आडव्या तलवारी. चार टोकं निघाली तर तुमचं निम्मं काम झालं. ही चांदणी मिळायला माणूस १९१५ साल संपायच्या आत लढाईच्या मुलखात पोचलेला असावा लागायचा.

खांद्यावर पलटणीचा नंबर असायचा. त्या वेळी मराठ्यांच्या सहा पलटणी: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ ला हे सगळे नंबर मोडून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, आणि केंद्र इथं बेळगावला आलं. म्हणजे खांद्यावर तीन आकडी नंबर दिसला तर फोटो त्या फेरबदलाच्या आधीचा.

एक विचारतो, नीट आठवून सांगा. घरात पितळेसारखी दिसणारी जाड गोल थाळी आहे का, साधारण बारा सेंटिमीटरची? तिच्यावर एक उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह?

येरळाकाठ

काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी जागेवरून उठले. ती आमच्या देव्हाऱ्यात आहे!

आम्ही तिला देवीच समजतो. सिंह आहे, त्रिशूळ आहे, हातात काहीतरी गोल आहे. माझ्या आजीच्या सासूपासून तिला हळदकुंकू वाहिलं जातं, नवरात्रात बाकीच्या टाकांबरोबर घटाला बसते. दसऱ्याआधी चिंचेनं आणि राखेनं घासून लख्ख करतात. कडेनं अक्षरं आहेत हे लहानपणापासून बघत आलेय, पण झिजून नुसता खडबडीतपणा राहिलाय. कुणी म्हणायचं काशीहून आणलीय, कुणी म्हणायचं तुळजापूरहून.

भाच्यानं फोटो स्कॅन करून दिला. पदक डाव्या छातीवरच आहे. टोकं चार. खालचं टोक आणि दोन्ही बाजूंची टोकं स्पष्ट, वरच्या टोकावर छोटासा उंचवटा, तो मुकुटच असावा. खांद्यावर जुना कॅमेरा दादांनी सांगितल्यासारखी आडवी टॉर्च धरली तेव्हा '११' निघाला. तिसरा आकडा घडीतच तुटलाय, तिथला कागदच उडालाय. पुठ्ठ्यामागं पुण्याच्या कॅम्पातल्या एका स्टुडिओचा शिक्का आहे, साल नाही.

काका, ती थाळी काय आहे?

निवृत्त सुभेदार (बेळगाव)

ताई, ती थाळी ब्राँझची. पहिल्या महायुद्धात जो मेला त्याच्या घरच्यांना सरकारनं ती पाठवली. बाई म्हणजे ब्रिटानिया, हातातलं गोल म्हणजे पानांची माळ. कडेच्या इंग्रजी अक्षरांचा आशय असा की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. सिंहाच्या वरच्या बाजूला एक चौकट असते, तिच्यात मेलेल्याचं नाव उठावात ओतलेलं असतं. हुद्दा नसतो, मुद्दाम ठेवला नाही. नुसतं नाव.

पूजा करता ते अगदी योग्य करता. तुमच्या घरातल्याच माणसाची ती खूण आहे. पण आता चिंच-राख बंद करा. नुसत्या कोरड्या मऊ फडक्यानं पुसा.

नाव वाचायची सोपी रीत: पातळ कागद चौकटीवर ताणून धरा, मऊ शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हातानं फिरवा. लहानपणी नाण्याचा ठसा घ्यायचो तसा. डोळ्याला न दिसणारा उठाव कागदावर उतरतो. जोर लावू नका.

नंबराबद्दल. '११' म्हणजे ११०, ११४, ११६, ११७ यांतला कोणताही. पण चांदणी १९१५ च्या आतली. त्या वेळी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसऱ्याच्या बाजूला, १०३, ११० आणि ११७ होत्या. म्हणजे ११० किंवा ११७ कडं वजन जास्त. तरी शपथेवर सांगत नाही, कारण एका पलटणीची माणसं भरपाई म्हणून दुसरीत सर्रास पाठवायचे. अक्षरांकडं बघा: ११० ही लाइट इन्फन्ट्री होती, ११७ नुसती मराठा. आकड्याखाली काय उरलंय त्यावरून काही कळलं तर कळवा.

कृष्णाकाठ (मिरज)

सुभेदारसाहेबांनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी गावाकडच्या वाटा सांगते.

'११' वरून आणखी एक शक्यता: १११ महार पलटण. ती १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली. तुमच्या फोटोतल्या माणसाकडं १९१५ ची चांदणी आहे, म्हणून तो तिच्यातला असणं अवघड. पण ताई, तुमच्या पोरांना माझा एक निरोप द्या. फलकासाठी नावं गोळा करताना बौद्ध वस्तीतल्या घरांतही विचारा. आमच्याकडं १११ मध्ये गेलेल्यांची नावं अशीच सुटली होती, कारण कुणी विचारायलाच गेलं नव्हतं. रामोशी, धनगर, मुसलमान घरंही विचारा. खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेसाठी रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणीत, तर सगळ्या जातींची माणसं होती, आणि ती १९१४ च्या ऑक्टोबरातच फ्रान्सला न्यूव्ह शापेलला लढली.

केरू गावात वारले असतील तर त्यांची मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, असायला हवी. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. त्या काळची पानं बहुतेक मोडीत असतात, वाचणारं माणूस बरोबर न्या. राणूची नोंद तिथं शोधू नका, परमुलखात मेलेला कोतवालाच्या बुकात यायचा नाही.

आणि हेळवी. तुमच्याकडं अजून येतात का? आमच्याकडं सुगीनंतर बैल घेऊन येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. निपुत्रिक गेलेल्या भावाचं नावसुद्धा त्यांच्या पोथीत सुटत नाही. राणू थोरला की केरू थोरला, त्यांच्या बापाचं नाव काय, हे पक्कं करून घ्या. बापाचं नाव पुढं फार कामाला येतं.

निवृत्त सुभेदार (बेळगाव)

बापाच्या नावाचं बाईंनी बरोबर सांगितलं. नाव हाती आलं की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या, म्हणजे लढाईत मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा, फुकट आहे. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव आणि सातारा जिल्हा दिलेला असतो. गोऱ्या कारकुनानं कानाला लागेल तसं लिहिलंय, म्हणून आडनाव चार तऱ्हांनी टाकून बघा. नाहीच सापडलं तर नाव सोडा; पलटण आणि साल टाका आणि यादी डोळ्याखालून घाला. नुसत्या शिपाई नंबरवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालायचे.

येरळाकाठ

सगळ्यांना कळवते. थोडं सविस्तर लिहिते, राहवत नाही.

थाळी देव्हाऱ्यातून काढायची म्हणून आत्याला आधी विचारलं. तिनं देवीला कौल लावावा तसं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, काढ. भाच्याच्या वहीतला ट्रेसिंग पेपर चौकटीवर धरला आणि पेन्सिल फिरवली. पहिलं अक्षर नुसतं काळं. मग मधलं एन आलं, मग यू. मग पुन्हा सुरुवातीकडं जाऊन हलकं फिरवलं तर आर. आत्याला इंग्रजी येत नाही. मी वाचलं, 'राणू'. पुढं आमचं आडनाव, शेवटची दोन अक्षरं झिजलेली.

हेळवी यंदा अजून यायचे आहेत, पण भावकीतल्या एका घरात त्यांच्याकडून उतरून घेतलेली वंशावळ होती. तीत राणू, केरू आणि पणजोबा याच क्रमानं आहेत आणि वर बापाचं नाव आहे. ते घेऊन संकेतस्थळावर बसलो. आडनाव तिसऱ्या तऱ्हेनं टाकल्यावर निघालं. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, बापाचं नाव तेच, गावाचं नाव वेडंवाकडं पण आमचंच, जिल्हा सातारा. स्मारक बसरा. मृत्यू १९१६ च्या पावसाळ्यातला.

म्हणजे काका, फोटोतला माणूस केरूच ना? राणू १९१६ लाच गेले असतील तर छातीवर पदक लावून स्टुडिओत उभे कसे राहतील?

आणि बसऱ्याला काय झालं असेल हो त्यांचं?

निवृत्त सुभेदार (बेळगाव)

होय ताई, फोटोतले केरू. ही चांदणी लढाई संपल्यावर वाटली गेली. ती लावून फोटो काढणारा माणूस जिवंत परत आलेला. आणि खांद्यावर अजून जुना नंबर, म्हणून फोटो १९१९ ते १९२२ च्या दरम्यानचा. पुण्याच्या कॅम्पातला स्टुडिओ त्याला जुळतो. तिसरा आकडा शून्यच असेल असं मला वाटतं, भाऊ भाऊ एकाच पलटणीत भरती व्हायचे, पण त्याचा पुरावा आपल्याकडं नाही. फलकावर केरूंच्या नावापुढं पलटण लिहू नका.

राणूंचं सांगतो. ११० वी पलटण मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा गावात अडकली होती. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला, २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती दिली. शेवटी शेवटी दाणा उरला नव्हता, घोडी आणि खेचरं मारून खात होते. आपल्या लोकांपैकी पुष्कळांनी ते मांस तोंडाला लावलं नाही, अन्न नाही म्हणून स्कर्व्हीनं आजारी पडले. साधारण तेरा हजार माणसं कैद झाली. तिथून त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, मोसुलवरून रास-अल-ऐनला, रेल्वेच्या कामावर. वाटेत आणि छावणीत शेकड्यांनी मेले. तुम्ही दिलेली तारीख शरणागतीनंतरची आहे. राणू कैदेत गेले असं मी समजतो. थडगं नसणार, म्हणून बसरा स्मारक.

आता हे वाचा. त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची दगडावर नावंच नाहीत. पलटणीखाली नुसती संख्या घातली. नावं नोंदवहीत ठेवली. सद्दामच्या राज्यात १९९७ ला ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. तुमच्या चावडीवरही आकडा आणि तिथंही आकडा. तुमच्या पोरांना सांगा, राणूचं नाव दगडावर पहिल्यांदा तुमच्या गावात कोरलं जाणार आहे. अक्षर न् अक्षर तपासून घ्या.

येरळाकाठ

काका, हे मी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आजी डोळ्याला पदर लावायची ते दोघांसाठी असेल, तिचे दोघेही दीर गेले. हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

फलकावर असं ठरतंय: केरूंच्या नावावर हा फोटो. राणूंच्या नावावर फोटो नाही, थाळीचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा लावायचा. थाळी मात्र देव्हाऱ्यातच राहील, आत्यानं स्पष्ट सांगितलंय. नवरात्रातही बसेल. म्हाळाला आता दोन पानं.

पोरांनी बौद्ध वस्तीत विचारलं तर एका घरात १११ चं डिस्चार्ज सर्टिफिकेट निघालं, घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं. त्यावर नाव, हुद्दा, सगळं आहे. मिरजेच्या ताई, तुमच्यामुळं.

दोन गोष्टी राहिल्यात. केरूंच्या मृत्यूची नोंद बघायला वडूजला अर्ज दिलाय, मोडी वाचणारं सातारा-कोरेगाव भागात कुणी असेल तर इथंच सांगा, निरोप पाठवते. आणि जुना कॅमेरा दादा, फोटो पुन्हा फ्रेममध्ये कसा घालू? भाचा लॅमिनेशन करू म्हणतोय.

जुना कॅमेरा (कराड)

ताई, लॅमिनेशन मुळीच नको! उष्णतेनं वरचा थर निघून येतो आणि पुन्हा काही करता येत नाही. ॲसिड-फ्री पुठ्ठा घ्या, फोटो काचेला चिकटणार नाही इतकं अंतर मध्ये चौकटीनं ठेवा, मागून वाळवीसाठी चंदन-कापूर काही कोंबू नका. भिंत पश्चिमेची असेल तर जागा बदला, ऊन नको. फलकासाठी स्कॅनवरून प्रिंट काढा, मूळ फोटो घरातून हलवू नका. घडीच्या जागी स्कॅनमध्ये कुणी 'दुरुस्ती' करून तिसरा आकडा घालायला बघेल, त्याला नाही म्हणा. फाटलेलं फाटलेलंच छापा.

कृष्णाकाठ (मिरज)

मोडीसाठी निरोप पाठवलाय. माझी मामेबहीण साताऱ्यात शिकवते, सुट्टीच्या दिवशी तुमच्याबरोबर वडूजला येईल. अर्जाची पोच आणि गावाचं जुनं नाव बरोबर ठेवा.